सामू 7.4 आणि 8.4 : फरक एकाचा नाही, दहा पटीचा! समजून घ्या 'लॉग'

माती परीक्षणाचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी सामू म्हणजे पीएच बघतो. माझ्या एका वावराचा आला 7.4, दुसऱ्याचा 8.4. एकाचाच तर फरक, म्हणून मी रिपोर्ट ठेवून दिला. चुकलंच. सामू लॉगमध्ये मोजतात आणि लॉगमधला 1 म्हणजे दहा पट.

लॉग म्हणजे काय?

1 ला 10 ने किती वेळा गुणून संख्या तयार होते, ते लॉग सांगतो. सोपं करायचं तर एकावरची शून्यं मोजा.

10 चा लॉग 1
100 चा लॉग 2
1,000 चा लॉग 3
1 लाखाचा लॉग 5
1 कोटीचा लॉग 7

लाख ते कोटी लॉग फक्त 2 ने वाढला, रक्कम मात्र शंभर पट झाली.

मधल्या संख्यांचं काय?

त्यांचा लॉग दशांशात येतो. 2 चा 0.3010, 3 चा 0.4771. दोन्हींची बेरीज 0.7781, आणि हाच 6 चा लॉग. म्हणजे गुणाकाराचं काम बेरजेवर भागतं. स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी 1614 साली लॉगची कोष्टकं छापली, ती याचसाठी. तेव्हा कॅल्क्युलेटर कुठे होते?

सामूत लॉग कसा आला?

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी 1909 मध्ये ही मोजणी आणली. हायड्रोजन आयनांचं प्रमाण 1 भागिले 1 कोटी असेल तर सामू 7. 1 भागिले 10 कोटी असेल तर 8. खालची शून्यं मोजली की सामू मिळाला. म्हणूनच सामू वाढतो तशी आम्लता घटते.

सामूत 1 चा फरक : 10 पट
2 चा फरक : 100 पट
0.3 चा फरक : साधारण दुप्पट

शेतात काय बघायचं?

बहुतेक पिकांना 6.5 ते 7.5 सामू मानवतो. त्याच्या बराच वर गेला की लोह, जस्त जमिनीत असूनही मुळांना नीट मिळत नाही, पानं पिवळी पडतात. आपण मात्र खताच्या गोण्या वाढवत बसतो.

तेव्हा जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. दशांशातला आकडाही सोडू नका. जिप्सम टाकायचं की गंधक, हे रिपोर्ट दाखवून कृषी सहायकांना विचारूनच ठरवा.