ब्रँड आणि छाप

‘ब्रँड’चे मूळ विस्तवात आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द जळत्या लाकडाला, कोलितालाही वापरत. पुढे तापवलेल्या लोखंडाने जनावराच्या अंगावर उठवलेली खूण म्हणजे ब्रँड, आणि तिथून तो पिंपांवर, पेट्यांवर, मालाच्या नावावर आला.

ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला परकी वाटू नये, कारण इथे घोड्यांचा बाजार भरतो. फारसीत अशा खुणेला ‘दाग’ म्हणत. अलाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने लष्करी घोडे डागवून घेतले, ते हजेरीला उत्तम घोडा दाखवून नंतर मरतुकडा आणून उभा करण्याची लबाडी थांबावी म्हणून. खूण आधी पुरावा होती, जाहिरात नंतर झाली.

मराठीने मात्र ‘छाप’ हा थंड शब्द पसंत केला. नाण्याचा छापा, छापा-काटा, माणसाची छाप पडणे, सगळे याच घरातले. गिऱ्हाइकाला अक्षर येत नसे, तेव्हा चित्रच नावाचे काम करी. संगमनेरचा ‘गाय छाप’ जर्दा याच रीतीचा. ब्रिटनमध्ये 1876 साली पहिला नोंदला गेलेला ट्रेडमार्कही बास बिअरचा लाल त्रिकोणच होता.

अकलूजच्या सहकारी दुधाच्या पिशवीवर गाय छाप नाही, ‘शिवामृत’ हा दोन संस्कृत शब्दांचा संधी आहे. वाचणारे गिऱ्हाईक आले, तशी चित्राची जागा अक्षराने घेतली. जुना शब्द मात्र टिकला: भारताच्या 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात ‘मार्क’च्या व्याख्येत नाव, सही, अंक आणि रंगसंगतीबरोबर ‘ब्रँड’ही वेगळा मोजला आहे.