टिपलेला वाघ

‘कॅमेऱ्याने वाघ टिपला’ हे वाक्य पेपरात नेहमीचं. पण शिकारीही सावज टिपतो आणि चिमणी दाणे टिपते. इतक्या कामांना पुरणारं हे क्रियापद कॅमेऱ्यालाच इतकं चपखल का बसावं? माझ्यापुरतं उत्तर मला जॉर्ज शायरस यांच्या हकिकतीत सापडलं.

शायरस अमेरिकेतले वकील, पुढे काँग्रेसचे सदस्य आणि मुळात हरणांचे शिकारी. तिथल्या ओजिब्वा या मूळनिवासी लोकांची रात्रीच्या शिकारीची एक रीत त्यांनी उचलली होती. होडीच्या टोकाशी जाळ पेटवायचा आणि वल्ह्याचा आवाज न करता तळ्याच्या काठाकाठाने सरकायचं. पाण्यावर आलेलं हरीण उजेडाकडे बघत जागीच खिळतं. अंधारात चमकणारे दोन डोळे तेवढे दिसतात आणि शिकारी त्यांच्यावर नेम धरतो. शायरस यांनी होडी, अंधार आणि ते डोळे तसेच ठेवले. बंदुकीच्या जागी मात्र कॅमेरा आणला आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा भपका. पुढे त्यांनी जनावरांच्या वाटेवर तारच ताणून ठेवली. तिला धक्का लागला की भपका उडे आणि हरीण स्वतःचा फोटो स्वतःच काढून घेई. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रं छापली.

जनावराने स्वतःच चालवलेल्या कॅमेऱ्याचा पहिला मान शायरस यांना दिला, की जाणकार छायाचित्रकार मायब्रिजचं नाव पुढे करतात. १८७८ साली कॅलिफोर्नियात त्याने धावपट्टीवर दोरे ताणले होते आणि घोड्याच्या पायांनी ते तुटताच ओळीने कॅमेरे उघडले होते. म्हणजे मान त्याचा? मला हे मान्य नाही. तो घोडा पाळीव होता, पाठीवर स्वार होता आणि बघायला माणसं उभी होती. या कॅमेऱ्याचा जीव माणसाच्या गैरहजेरीत आहे. वाटेवर काहीतरी लावून निघून जायचं आणि सकाळी येऊन बघायचं, ही सवय फासेपारध्याची आहे, प्रयोगशाळेची नव्हे.

भारतात हे तंत्र वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघापर्यंत नेलं. १९२७च्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’मध्ये ते फोटो आहेत. पुढे वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात अशा छायाचित्रांतल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधला. त्यामागचं गणित मासेमारीतलं: खुणा करून सोडलेल्या माशांपैकी किती पुन्हा जाळ्यात येतात, यावरून एकूण मासे किती ते ठरवायचं. वाघाला खूण करावी लागत नाही, ती तो अंगावर घेऊनच जन्मतो. मात्र डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाच्या बुंध्यांवर, साधारण गुडघ्याच्या उंचीला, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. तार आता नाही. जनावराच्या अंगाची ऊब आणि हालचाल कॅमेऱ्याला पुरते.

अशा कॅमेऱ्याला ‘कॅमेरा सापळा’ म्हणतात, पण तो शब्द मला अपुरा वाटतो. सापळ्यात जनावर अडकतं, इथे ते चालत पुढे जातं. ‘टिपणे’ मात्र नेमही सांभाळतं आणि दाणा उचलण्याचा हलकेपणाही. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रं टिपली गेली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१.