आटे फ्रेंच, डोके इंग्रज

इतिहास हा विषय मला शाळेत कधीच जमला नाही. सालबाईचा तह कोणी कोणाशी केला हे मला आजही छातीठोकपणे सांगता यायचे नाही. जो काही थोडाफार इतिहास माझ्या डोक्यात शिरला तो वयाच्या तिसाव्या वर्षी, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी, एका जुन्या मोटारीखाली उताणा पडलो असताना शिरला. त्याच्याबरोबर थोडे इंजिन-ऑइलही डोळ्यांत शिरले, पण ते पुढे निघाले. इतिहास राहिला.

गाडी होती एमजी टीडी, १९५१ सालची. लांब नाक, पुढच्या चाकांवर कमानीसारखे सुटे मडगार्ड, आडवी पाडता येणारी पुढची काच आणि बसायला दोनच जागा. लहानपणी डेक्कन जिमखान्यावर अशीच एक लाल गाडी भुर्रकन गेलेली मी पाहिली होती, आणि ती डोळ्यांपुढून हलली नव्हती. १९७४ च्या वसंतात आमच्या इस्पितळातल्या एका भूलतज्ज्ञाने आपली गाडी विकायला काढली. भूल देणे हा त्या माणसाचा धंदाच होता हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. मी गाडी घरी आणली. ही दारात उभी होती. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाली, "अहो, हिच्या दारांना काचा कुठायत?"

काचा नव्हत्याच. त्या मुळातच नसतात. पाऊस आला की कापडी पडदे लावायचे. वर्षातून दोनशे दिवस पाऊस पडणाऱ्या देशात ही गाडी कोणी काढली असेल, असे हिने विचारले. प्रश्न इतिहासाचा होता, म्हणून मला उत्तर आले नाही.

पहिला धडा विजेचा. मी गाडीत ट्रान्झिस्टर रेडिओ बसवायला घेतला. आपल्याकडे, आणि आता साऱ्या जगात, बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडतात. पण १९३० नंतरच्या काळात इंग्रजांच्या मनाने घेतले की धन टोक सांगाड्याला जोडले तर जोड कमी गंजतात आणि ठिणगीही बरी पडते. पुढे तीस वर्षे त्यांनी ते सोडले नाही. साठ-सत्तरच्या सुमारास ट्रान्झिस्टर आणि अल्टर्नेटर आले, तेव्हा कुठे ते जगाच्या पंगतीत येऊन बसले. माझी गाडी जुन्या पंथाची होती. मी तारा नव्या पंथाप्रमाणे जोडल्या. रेडिओतून प्रथम धूर आला आणि मग काहीच आले नाही. चूक सर्वस्वी माझी. तो दिवस होता २४ जून १९७४. त्याच दिवशी लॉर्ड्सवर आपला संघ ४२ धावांत गारद झाला, आणि इंग्लंडात राहूनही त्या समालोचनातला एक शब्द माझ्या कानी पडला नाही. गाडीने माझ्यावर केलेला हा पहिला उपकार.

दुसरा धडा मात्र सोसवणारा नव्हता. इंजिनाच्या पोटाखाली तेलाची एक परात असते, तिला सम्प म्हणतात. तिथून तेल ठिबकत होते. मी ठरवले, परात काढायची, नवे गॅस्केट घालायचे, परत बसवायची. दीड तासाचे काम. मी हाडांचा डॉक्टर. माणसांच्या मांडीत रोज स्क्रू बसवत होतो. लोखंडाची काय कथा?

काढताना एक बोल्ट गटारात गेला. मी दुसरा बोल्ट घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने त्याच्या डोक्याला पाना लावून पाहिला, जाडी मापली आणि तस्सा बोल्ट काढून दिला. घरी आलो, लावला. दोन फेरे गेला आणि अडला. मी जोर केला. अजून जोर केला. कट्‌ असा एक आवाज झाला. हाड मोडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. हा त्याच घराण्यातला होता. बोल्टाचे डोके पान्यात राहिले आणि धड इंजिनात.

अशा प्रसंगी माणूस मातृभाषेत बोलतो. मीही बोललो, आणि चांगला मोठ्याने बोललो. तेव्हा कुंपणापलीकडून एक डोके वर आले.

या डोक्याविषयी थोडे सांगायला हवे. शेजारी एक पासष्टीचे गृहस्थ राहत. आम्ही १९७२ साली तिथे राहायला गेलो तेव्हापासून त्यांनी मला फक्त 'मॉर्निंग' म्हटले होते, तेही संध्याकाळी कधी नाही. तो काळही तसा होता. आमच्यासारखे लोक रस्त्यावर राहायला आले की घरांच्या किमती उतरतात, असे उघड बोलले जाई. ही दिवसभर घरात एकटी असायची. दिवाळीला हिने चकल्या दिल्या, तर दुसऱ्या दिवशी बशी धुऊन दाराशी ठेवलेली. एक शब्द नाही. ते डोके आज बोलले.

"काय मोडलं?"

मी सांगितले.

"बोल्ट कुठला लावलात?"

मी दाखवला. म्हाताऱ्याने आटे नखाने चाचपले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "हा इंग्रजी आहे. तुमचं इंजिन फ्रेंच आहे."

मला वाटले, माणूस वयोमानाने बरळतो आहे. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसची म्हणून एमजी, अबिंग्डनला बांधलेली, इंजिन तर आमच्याच गावचे. फ्रेंच कशाने? म्हातारा घरात गेला, एक उलटी बादली घेऊन आला, तिच्यावर बसला आणि त्याने मला इतिहास सांगितला. तो असा.

फ्रान्समध्ये हॉचकिस नावाची तोफा-मशीनगनांची कंपनी होती. काढली एका अमेरिकनाने, पण नांदली पॅरिसजवळ. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा पॅरिसच्या रोखाने आल्या, तेव्हा कंपनीने एक बिऱ्हाड कॉव्हेंट्रीत गॉसफर्ड स्ट्रीटवर थाटले. येताना यंत्रे आली ती फ्रेंच, मेट्रिक आटे पाडणारी. युद्ध संपले, मशीनगना कोणी घेईना. तेव्हा त्यांनी विल्यम मॉरिसला मोटारींची इंजिने करून द्यायला सुरुवात केली. मॉरिस हा मूळचा ऑक्सफर्डचा सायकल-दुरुस्तीवाला, पै न्‌ पै जाणणारा. त्याने १९२३ साली कारखानाच विकत घेतला. आता सगळी यंत्रे बदलायची तर खर्च येणार. त्यापेक्षा आटे फ्रेंचच राहू देत! पण इंग्रज गिऱ्हाइकाच्या पेटीत पाने इंग्रजी, त्याचे काय? त्यावर तोड निघाली: बोल्टाचे आटे फ्रेंच ठेवायचे आणि डोके इंग्रजी मापाचे करायचे. ही तोड माझ्या गाडीपर्यंत आणि तिच्याही पुढे, १९५५ साली टी मालिका संपेपर्यंत टिकली.

म्हणजे पाहा, माझ्या हातातला पाना बरोबर होता, जाडीही डोळ्यांना बरोबर दिसत होती, आणि आटे वेगळे होते. त्यातही हे मेट्रिक आटे नेहमीचे नव्हेत. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला दोन आट्यांत सर्वसाधारणपणे सव्वा मिलिमीटर अंतर असते, इथे एकच. दुकानात जाऊन मेट्रिक मागितला असता तरी मोडलाच असता.

"तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?" मी विचारले.

"मी १९२३ सालीच तिथं लागलो. चौदा वर्षांचा होतो. परवा रिटायर झालो."

पुढचे तीन रविवार तो मोडका बोल्ट काढण्यात गेले. म्हातारा बादलीवर, मी गाडीखाली. बरोबर मध्यावर खूण करायची, बारीक ड्रिल, मग जरा जाड, मग उलट्या आट्यांचे एक हत्यार आत घालून उलटे फिरवायचे. "सावकाश. सावकाश, डॉक्टर. माणसांना पण असंच बसवता काय स्क्रू?" "हो." "आणि ती माणसं चालतात?" माझे सगळे शिक्षण असे कुंपणाशी निघत होते. पण दुसऱ्या रविवारी हिने बाहेर पोहे आणून दिले, आणि म्हाताऱ्याने ते खाल्ले. तिसऱ्या रविवारी त्याची बायको आली आणि तिने हिला विचारले, त्या वेटोळ्यासारख्या कुरकुरीत पदार्थाची कृती काय?

बोल्ट निघाला. मग म्हाताऱ्याने घरातून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेले बोल्ट होते, फ्रेंच आट्यांचे, इंग्रज डोक्यांचे. डबा माझ्या हाती देऊन म्हणाला, "मला काय उपयोग?"

पान्यांचेही एक शास्त्र त्याने मला शिकवले. इंग्रजी पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो. तो बोल्टाच्या जाडीचा असतो. आणि एकाच तोंडावर आकडे दोन असतात. दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायचे म्हणून बोल्टांची डोकी एका मापाने लहान केली, पण पाने जुनेच ठेवले, म्हणून एक आकडा युद्धापूर्वीचा आणि एक नंतरचा. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचे माप ठरवून देण्यापूर्वी तर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे, जसे काही एकेका पेठेचे पंचांग निराळे असावे. महायुद्धात अमेरिकनांचे बोल्ट इंग्रजांच्या यंत्रांत जाईनात म्हणून १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बसून आट्यांचा एक तह केला. सालबाईचा मला येत नाही, हा येतो.

लाकडाचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. या गाडीच्या पत्र्याखाली सांगाडा असतो तो लाकडाचा. दार लोंबायला लागले म्हणून मेकॅनिककडे गेलो, तर त्याने सुताराकडे पाठवले. "देव्हारा घेतला असता तर निदान नमस्कार तरी झाला असता," असे हिचे मत पडले.

कार्बुरेटरांवर मात्र माझा जीव जडला. ते दोन असतात, एसयू जातीचे, आणि दोघांनी सारखाच श्वास घ्यावा लागतो. रबराच्या नळीचे एक टोक कानात, दुसरे एका कार्बुरेटरच्या तोंडाशी. सूं असा आवाज ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि स्क्रू केसभर फिरवून दोन्ही सूर मिळवायचे. तंबोऱ्याची जोडी जुळवण्यासारखेच. स्टेथॉस्कोपची सवय असल्याने इथे मी म्हाताऱ्याच्या एक पाऊल पुढे होतो, असे मला वाटे. या कार्बुरेटरांचे जनक स्किनर बंधू हे जोड्यांच्या व्यापारातल्या घराण्यातले. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरात हवेचा भाता होता तो चक्क चामड्याचा. आणि एमजीने १९२९ साली अबिंग्डनला बिऱ्हाड हलवले ती जागासुद्धा एका चामड्याच्या कारखान्याची. मॉरिसने १९२६ साली एसयूही विकत घेतली. तो जे दिसेल ते विकत घेत असे.

एका संध्याकाळी म्हाताऱ्याने सेसिल किंबरची गोष्ट सांगितली. मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांना डौलदार अंगडी-टोपडी शिवून या माणसाने एमजी जन्माला घातली. १९४१ साली लढाईच्या कामांचे एक कंत्राट वरच्यांना न विचारता घेतले म्हणून त्याला काढून टाकले. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी तो लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर गाडीत बसला. आगगाडी बोगद्यात शिरली, चढावर चाके घसरली, गाडी मागे आली आणि डबा कलंडला. दोन माणसे गेली, त्यांत किंबर. माझी टीडी त्याने पाहिलीच नाही. ती युद्धानंतरची. देशाला डॉलर हवे होते, जो माल परदेशी पाठवील त्याला पोलाद मिळे; तीस हजारांच्या आसपास टीडी झाल्या, त्यांतल्या वीस हजारांहून जास्त अमेरिकेला गेल्या. म्हातारा म्हणाला, "आम्ही इंजिन करायचो आणि ते निघून जायचं."

१९७६ च्या त्या कडक उन्हाळ्यात, जेव्हा इंग्लंडात पाणी तोडले होते आणि हिरवळी करपल्या होत्या, गाडी अखेर धड चालली. आम्ही दोघे केनिलवर्थच्या रस्त्याला निघालो. वाटेत त्याने सहज सांगितले की तो एमजीत प्रथमच बसतो आहे. एक्कावन्न वर्षे तो सायकलने कामावर गेला. मला काय बोलावे सुचेना. तो मान किंचित कलती करून इंजिन ऐकत होता, डोळे मिटून. कौतुकाचे दोन शब्द येतील म्हणून मी गाडी हळू केली.

"दोन नंबरचा टॅपेट ढिला आहे," तो म्हणाला.

तो टॅपेट आम्ही नीट केला. मग चार नंबरचा. मग क्लच. अशी चार वर्षे गेली. १९७९ च्या सप्टेंबरात अबिंग्डनला एमजीच्या मुक्कामाची पन्नाशी साजरी झाली, आणि त्याच महिन्यात कारखाना बंद करणार असल्याचे जाहीर झाले. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. म्हाताऱ्याने कुंपणावरून वर्तमानपत्र माझ्याकडे दिले आणि तो घरात गेला. त्या रविवारी बादली रिकामी राहिली.

१९८१ साली आम्ही पुण्याला परतायचे ठरवले. गाडी एका तरुण मास्तराने घेतली. मी डबा परत करायला गेलो तर म्हाताऱ्याने घेतला नाही. मास्तराला का दिला नाही, असे ही विचारते. मला उत्तर येत नाही. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने डबा उघडला.

"हे काय?"

"बोल्ट."

"कशाचे?"

"गाडीचे."

"गाडी कुठाय?"

"विकली."

त्याने माझ्याकडे पाहिले, हिच्याकडे पाहिले, आणि हिच्या चेहऱ्यावर जे दिसले त्यावरून डबा बंद करून दिला.

गेल्या वर्षी नातवाने नवी गाडी घेतली. तीच अष्टकोनी मुद्रा, एमजी, पण मालकी चिनी-भारतीय, बनावट गुजरातेतल्या हालोलची, आणि विजेवर चालणारी. बॉनेट उघडून मी बराच वेळ आत पाहत उभा राहिलो. कान कुठे लावायचा तेच कळेना. मग घरात जाऊन डबा आणला. अकरा बोल्ट उरले आहेत. नातवाने आपली पान्यांची चकचकीत पेटी उघडली आणि एकेक पाना लावून पाहू लागला. तेराचा जात नव्हता, चौदाचा गरगर फिरत होता.

"आजोबा, ह्याला नक्की कुठला लागतो?"

मी म्हटले, "बस. ती बादली घे, उलटी कर."