सार्वजनिक शाळांच्या गुणवत्तेची राज्यनिहाय तुलना : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना
सार्वजनिक शाळांबाबत राज्याराज्यांची तुलना ही अलीकडची बाब मानली जाते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभीच इलाखे व संस्थाने यांच्यात अशी तुलना होऊ लागली होती. तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील पेण व रोहा तालुके या दृष्टीने अभ्यसनीय ठरतात. हे तालुके ब्रिटिश अमलाखाली होते. लगतचा सुधागड भोर संस्थानात, तर रोह्याशेजारचे मुरुड जंजिरा संस्थानात होते.

इलाखा आणि संस्थाने
सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी बडोद्याचा दाखला देत ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तशीच मागणी केली. तथापि त्यांचे १९११ चे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९१८ चा कायदा झाला. परंतु तो नगरपालिकांपुरता व ऐच्छिक होता. परिणामी पेण व रोहा शहरांना लाभलेली मुभा भोवतालच्या खेड्यांना मिळाली नाही. राज्याराज्यांतील अंतराइतकेच एका तालुक्यातील अंतरही महत्त्वाचे होते, असे यावरून दिसून येते.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत प्रथम आले. परंतु माध्यमिक शिक्षणासाठी त्यांना मुंबई गाठावी लागली होती. एका विद्यार्थ्याच्या यशावरून तालुक्याची शाळा मोजता येत नाही. त्याचप्रमाणे राज्याच्या सरासरीवरून वाडीची शाळाही मोजता येत नाही.

सरासरीबाहेरील विद्यार्थी
१९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सक्तीचा प्रश्न कायद्यापुरता सुटला. उपस्थितीचा मात्र उरला. या परिसरातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शालेय वर्षाचा मोठा भाग मुले शाळेबाहेर राहतात.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शाळेत उपस्थित मुलांचीच चाचणी घेते. २००५ पासूनचे ‘असर’ सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाते, म्हणून त्यात शाळेबाहेरील मुलेही येतात. परंतु बंद घरापाशी तेही थांबते. ज्यांच्यापर्यंत शाळा सर्वांत कमी पोहोचते, तीच मुले गणनेतून निसटण्याचा संभव अधिक असतो.

निष्कर्ष
तुलना निरर्थक नाही. बडोद्याच्या उदाहरणाने गोखल्यांच्या मागणीस बळ दिले होते. मात्र राज्याचा क्रमांक पाहण्यापूर्वी कोणती मुले मोजली गेली, हे विचारणे आवश्यक आहे. १९१८ च्या कायद्याने खेडी वगळली. आजच्या सरासरीत वाड्या वगळल्या जाऊ नयेत, हाच या इतिहासाचा बोध होय.