घरातील जुने वायरिंग

भिंतीत, प्लास्टरखाली किंवा लाकडी पट्टीवर पूर्वी बसवलेली आणि अजून वापरात असलेली वीजतारांची मांडणी. ती सुरक्षित आहे की नाही, हे नुसत्या वयावरून सांगता येत नाही. तांब्याची तार कोरड्या जागी अनेक दशके टिकते. आधी जीर्ण होते ते तिच्यावरचे आवरण आणि सैल पडतात ते जोड.

प्रकार : जुन्या चाळी-वाड्यांत केसिंग-कॅपिंग (झाकण असलेली खाचेची लाकडी पट्टी) आणि सागवानी बॅटनवर क्लिपांनी बसवलेली तार हे प्रकार आढळतात. या तारांवर बहुधा व्हल्कनाइज्ड रबराचे आवरण असे. रबरातील गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून तारेला कथिलाचा मुलामा देत. पुढे पीव्हीसी आवरण आले आणि प्लास्टरखालच्या नळीतून तारा ओढण्याची कन्सील्ड पद्धत रूढ झाली. जुन्या तारा गेजवरून ओळखल्या जातात : ३/२२ म्हणजे २२ गेजच्या तीन तारा (सुमारे १.२ चौ. मिमी.), ३/२० म्हणजे सुमारे २ चौ. मिमी.

जीर्णतेची कारणे : रबर वाळून ठिसूळ होते. न हलवलेली तार वर्षानुवर्षे चालते. पण बटण बदलण्यासाठी बोर्ड उघडून ती वाकवली की आवरणाचे तुकडे पडतात. सर्वसाधारण पीव्हीसी आवरण वाहकाच्या ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत वापरायचे असते. सतत जास्त तापल्यास ते कडक होऊन तडकते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५ अँपिअरऐवजी १० अँपिअर प्रवाह वाहू लागला की उष्णता चौपट होते. दिवे-पंख्यांसाठी ओढलेल्या तारेवर २ किलोवॉटचा गिझर जोडल्यास २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअरची भर पडते.

ॲल्युमिनियमच्या तारांत अडचण मुख्यतः जोडांपाशी येते. स्क्रूखाली दबून धातू हळूहळू सरकतो आणि पृष्ठभागावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर धरतो. जोड सैल झाला की रोध वाढतो, जोड तापतो आणि तापून आणखी सैल होतो. ॲल्युमिनियम थेट तांब्याला जोडलेले असेल, तर दमट हवेत तो जोड गंजतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती, लोखंडी नळीचा गंज, उंदीर आणि भिंतीत ठोकलेले खिळे यांमुळेही आवरणाची हानी होते.

संरक्षणातील उणिवा : अनेक जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा असतात, अर्थिंग नसते. अशा ठिकाणी फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या आत तार उघडी पडली, तर बाहेरच्या पत्र्यात वीज उतरूनही फ्यूज जात नाही. अर्थिंगसाठी पाण्याची लोखंडी नळी वापरलेली असल्यास मध्ये प्लास्टिकचा तुकडा बसताच तो मार्ग तुटतो. काही जुन्या बोर्डांत न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज कायम राहतो. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणे ही सर्रास दिसणारी चूक. त्यामुळे फ्यूजआधी भिंतीतली तार तापते.

तपासणी : बोर्ड गरम लागणे, जळका वास, बटणाभोवती काळेपणा, दिवे थरथरणे, पावसात झिणझिण्या येणे ही धोक्याची लक्षणे होत. भिंतीआडची स्थिती मात्र मेगरनेच (आवरणरोध मोजणाऱ्या उपकरणाने) कळते. पुरवठा तोडून, दिवे व उपकरणे काढून ५०० व्होल्ट एकदिश दाबाने तार आणि अर्थ यांमधला आवरणरोध मोजतात. तो किमान १ मेगओहम असावा. सैल जोड या चाचणीत सापडत नाहीत, म्हणून बोर्ड उघडून तेही पाहावे लागतात. हे काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे.

दुरुस्ती : नळी शाबूत असेल तर जुनी तार ओढून नवी घालता येते, तार थेट प्लास्टरमध्ये पुरलेली असेल तर झिरी मारून नवी नळी टाकावी लागते. गिझर, एसी यांना स्वतंत्र सर्किट देतात. ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारी आरसीसीबी माणसाला बसणाऱ्या धक्क्यात पुरवठा तोडते, पण जादा भार तिला कळत नाही. त्यासाठी एमसीबी लागते. एमसीबीचा आकडा भिंतीतल्या तारेच्या जाडीवरून ठरवतात. वारंवार पडते म्हणून त्याच तारेवर मोठी एमसीबी बसवणे हे जाड फ्यूजतारेइतकेच धोक्याचे आहे.