स्थिर काचेवरचा काळ



इतिहासकाराच्या हाती प्रत्यक्ष काळ कधीच लागत नाही. लागतात ती सुटी कागदपत्रे. त्यांतील क्रम त्याला अनुमानाने लावावा लागतो. विकृतिशास्त्रज्ञाची अडचण नेमकी हीच आहे. काचपट्टीवर रंगवलेला ऊतींचा काप निर्जीव असतो. शरीरात राहिला असता तर त्याचे पुढे काय झाले असते, हे तो सांगत नाही. म्हणूनच मोठ्या आतड्यातील पॉलिप हा कर्करोगाचा पूर्वज की केवळ शेजारी, हा वाद दीर्घकाळ चालला.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स १९२२ साली विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. शल्यविशारद लॉकहार्ट-ममरी यांच्यासह त्यांनी १९२८ साली आतड्यातील कर्करोगपूर्व बदलांवर निबंध प्रसिद्ध केला. निरोगी अस्तरात नळीसारख्या ग्रंथी शिस्तीने उभ्या असतात आणि पेशींची केंद्रके तळाशी एका ओळीत बसलेली दिसतात. अ‍ॅडिनोमा जातीच्या पॉलिपमध्ये ही शिस्त मोडते. केंद्रके लांबट व गडद होऊन एकमेकांवर चढतात, श्लेष्मा घटतो, ग्रंथींना फाटे फुटतात. मात्र ही विकृती अस्तराखालचा स्नायूंचा पातळ पदर ओलांडत नाही, तोवर तिला कर्करोग म्हणत नाहीत.

१९६२ साली अमेरिकेत स्प्रॅट व अ‍ॅकरमन, तसेच कॅसलमन व क्रिकस्टाइन यांनी या वंशावळीवरच शंका घेतली. काही लहान कर्करोगांत पॉलिपचा मागमूसही नसतो, हा त्यांच्या बाजूचा वजनदार पुरावा होता. वाढता कर्करोग आपले मूळच नष्ट करतो, असे त्यावर उत्तर देण्यात आले. परंतु ते सिद्ध कसे करावे?

सेंट मार्क्समधील जतन केलेल्या नोंदी येथे कामी आल्या. ड्यूक्स यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून आलेल्या बसी यांनी त्या अनेक दशके सांभाळल्या होत्या. मुटो, बसी व मॉर्सन यांनी १९७५ साली त्यांवरून हिशेब मांडला. एक सेंटिमीटरहून लहान अ‍ॅडिनोमांपैकी १.३ टक्क्यांत कर्करोग आढळला, एक ते दोन सेंटिमीटरच्या ९.५ टक्क्यांत, आणि त्याहून मोठ्यांपैकी ४६ टक्क्यांत. सुट्या कापांना आता क्रम लाभला.

तरीही ते अनुमानच होते. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ व शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, पोट न उघडता, पॉलिप काढण्यास आरंभ केला. पूर्वज नाहीसा केल्यास वंश खुंटतो का, हे त्यामुळे पाहता आले. अमेरिकेतील १,४१८ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले: पॉलिप काढलेल्यांत कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळला.

ही कथा येथे संपत नाही. करवतीसारख्या दातेरी ग्रंथींचे पॉलिप पूर्वी सरसकट निरुपद्रवी मानले जात. १९९० नंतर त्यांपैकी काही वेगळ्या वाटेने कर्करोगाकडे जातात, हे उमगले. जुन्या काचा त्यासाठी पुन्हा वाचाव्या लागल्या.

बहुसंख्य पॉलिप कर्करोगापर्यंत पोहोचत नाहीत. पण कोणता पोहोचेल, हे सूक्ष्मदर्शकाला आजही खात्रीने सांगता येत नाही. पहिल्या बदलापासून कर्करोगापर्यंत बहुधा अनेक वर्षे जातात. रक्त पडण्याची किंवा दुखण्याची वाट न पाहता योग्य वयात तपासणी करून घेणाऱ्यालाच त्या वर्षांचा उपयोग होतो.