‘संत तुकाराम’ आणि त्याचा प्रेक्षक

१९३६ सालच्या १२ डिसेंबरला मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट लागला. पुढे तो त्याच पडद्यावर सत्तावन्न आठवडे चालला. एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ टिकलेला पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली आणि १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभात कंपनी तेव्हा आपले बोलपट बहुधा मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढी. ‘तुकाराम’ मात्र निघाला तो मराठीतच. देहूच्या एका वाण्याची, त्याच्याच भाषेत सांगितलेली ही कथा गिरणगावातल्या कामगाराने पाहिली, आळंदी-पंढरीच्या वारकऱ्याने पाहिली आणि चमत्कारांना हसणाऱ्या कॉलेजातल्या तरुणानेही पाहिली. हे तीन प्रेक्षक एरवी एका रांगेत बसत नसत. ते एकत्र कसे आले, हा आपल्या चित्रपटाच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न आहे.

भाविकता चांगली विकली जाते, म्हणून हा चित्रपट चालला, असे उत्तर कोणी देईल. त्यात थोडे तथ्यही आहे. भारतीय चित्रपटाचा जन्मच भक्तीच्या पोटी झाला. गंमत अशी की, ती भक्ती प्रथम परक्या धर्माची होती. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहत असता धुंडिराज गोविंद फाळके यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या ही दृश्ये उभी राहू लागली. १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी स्वतःच ही हकीगत लिहिली आहे. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि १९१७ साली ‘लंकादहन’. ‘हरिश्चंद्रा’त तारामतीचे काम करणारे अण्णा साळुंके ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत दिसले. पडद्यावर राम येताच लोक हात जोडीत, असे सांगतात. फाळक्यांच्या प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक होती. देव हलताना पाहण्याचे नवल तेवढे त्याला हवे होते.

परंतु नवल फार काळ पुरत नाही. बोलपट आल्यावर देवाला बोलावेही लागले, आणि बोलणारा देव हा मुका देवापेक्षा अधिक अवघड असतो. १९२९ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी स्थापन केलेली प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास आली, तोवर सामाजिक बोलपटांचे वारे वाहू लागले होते. १९३५ साली शांताराम यांनी एकनाथांच्या चरित्रावर बोलपट काढला. ब्राह्मण संत अस्पृश्यांच्या पंक्तीस बसतो, हा त्याचा विषय. त्याचे नाव प्रथम ‘महात्मा’ असे होते. ते शब्द कोणाची आठवण करून देतील हे सेन्सॉरने ओळखले आणि नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व असूनही तो अपेक्षेइतका चालला नाही. संत, गाणे, विख्यात नट आणि काळाला साजेसा विचार, एवढे सारे जमवूनही प्रेक्षक हाती लागेलच असे नाही, हा धडा कंपनीला नुकताच मिळालेला होता.

अशा वेळी ‘तुकारामा’चे दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांनी हाती घेतले. दोघेही मुख्यत्वे तंत्रज्ञ. दामले ध्वनिमुद्रणाचे, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे जाणकार. मितभाषी म्हणून ओळखली जाणारी ही जोडी. त्यांनी तुकोबांच्या कामासाठी विष्णुपंत पागनीस यांना निवडले. पागनीस हे एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्या सवयीचा लाडिकपणा त्यांच्या हालचालींत उरला असेल, अशी शंका कंपनीतच व्यक्त झाली. बालगंधर्वांचा अनुभव तर ताजा होता. पण पागनीस भजन गाऊ लागले की त्यांच्यातला नट नाहीसा होत असे. मान किंचित कलती, डोळे अर्धे मिटलेले, स्वर मोठा करण्याचा सोस नाही. हा माणूस देवाला ऐकवण्यासाठी गातो आहे आणि आपण केवळ वाटेने जाताना ते ऐकतो आहोत, असा भास होतो. पुढे अनेक घरांत तुकोबांचे चित्र म्हणून पागनीसांचीच प्रतिमा भिंतीवर गेली, असे सांगतात.

केवळ पागनिसांवर हा चित्रपट उभा असता, तर तो भाविकांचाच राहिला असता. त्याला सर्वांचा केला तो जिजाईने.

तुकोबांच्या या पत्नीचे भांडखोर रूप महिपतीने अठराव्या शतकातच रंगवून ठेवले होते. कीर्तनकार तिच्या नावावर हशा पिकवीत. शिवराम वाशीकरांच्या पटकथेत ही बाई हशापुरती राहिली नाही. गौरी या नटीने तिचे काम केले. ती नामवंत नव्हती आणि तिच्या बोलण्यात नाटकी मराठीचा लवलेश नाही. ती म्हशीला घासते, तिच्याशी बोलते, चुलीपाशी धुराने डोळे पुसते, नवऱ्याला फाडफाड बोलते आणि त्याच्या पानात पडेल ते वाढतेही. घरात दाणा नाही आणि धनी टाळ घेऊन बसले आहेत, ही तिची तक्रार कोणत्या घरातल्या स्त्रीला परकी वाटेल? मूल आजारी पडते तेव्हा ती देवळात जाते, ती नवस बोलायला नव्हे. पायातली वहाण हातात घेऊन ती विठ्ठलाला जाब विचारायला जाते.

हे दृश्य धर्मश्रद्धेची टवाळी करणारे म्हणून कोणी आक्षेपार्ह ठरवू शकले असते. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. कारण वहाण उगारणारी ही बाई विठ्ठलाला दगड मानत नाही. दगडावर कोणी रागावत नाही. तुकोबा ज्याची आळवणी करतात त्याच देवाशी ती भांडते, आणि वारकरी संप्रदायात देवाशी भांडणे ही काही नवी गोष्ट नाही. ज्याला चमत्कार पटत नव्हते त्या तरुणालाही चित्रपटात आपला वकील सापडला. त्याच्या मनातले प्रश्न जिजाई त्याच्यापेक्षा जोरकस भाषेत विचारीत होती. शंका घेणाऱ्याला या चित्रपटाने दाराबाहेर ठेवले नाही, घरातच जागा दिली. भक्तिपटाच्या पुष्कळ निर्मात्यांना हे साधत नाही. ते शंकेला खलनायकाचा वेष देतात आणि शेवटी तिचे नाक कापतात. मग भाविक टाळ्या वाजवतो आणि बाकीचे पुन्हा येत नाहीत.

चमत्कार येथेही भरपूर आहेत. धान्याच्या राशी पडतात, बुडवलेली गाथा वर येते, शिवाजी महाराजांना पकडायला आलेल्यांना जिकडेतिकडे शिवाजीच दिसतात. त्या काळच्या मानाने ही छायाचित्रणाची करामत उत्तम आहे. पण दिग्दर्शकांनी चमत्काराला घरगुती मापात ठेवले. धान्य पडते ते भुकेच्या घरात. पाहणाऱ्याला देवाच्या सामर्थ्यापेक्षा पोरांच्या तोंडचा घास आधी आठवतो. महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा जिजाई आणि मुले दागिने अंगावर घालून हरखून जातात, आणि तुकोबा तो सारा परत पाठवतात. प्रेक्षकाला तुकोबांचा निर्णय मोठा वाटतो. पण गळ्यातली माळ काढून द्यावी लागलेल्या पोराकडेही कॅमेरा पाहत राहतो. वैराग्याची किंमत कोण देतो, हे त्यातून कळते.

गाण्यांविषयी एक आठवण प्रसिद्ध आहे. केशवराव भोळे यांच्या संगीताखाली तुकोबांचे मूळ अभंग होतेच; एका प्रसंगासाठी मात्र शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्षाच्या रूपकाचे एक नवे पद रचले. ते इतके साधून गेले की, पुष्कळांनी ते तुकोबांचेच मानले आणि ते गाथेत शोधले. एखाद्या कवीला याहून मोठी पावती मिळत नाही, आणि याहून मोठे विस्मरणही वाट्याला येत नाही.

इतिहासाच्या दृष्टीने या चित्रपटावर आक्षेप घेण्यास जागा आहे. तुकोबांच्या आयुष्याला वळण देणारा १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ, त्यात गेलेली पहिली पत्नी आणि मूल, हा भाग येथे कथेच्या केंद्री नाही. तो विस्ताराने पडद्यावर आला तो २०१२ सालच्या ‘तुकाराम’ या चित्रपटात. विरोधाचा बहुतेक भार सालोमालो या ढोंगी पात्रावर टाकल्यामुळे, शूद्राने वेदार्थ बोलावा की नाही हा खरा झगडा एका लबाड माणसाच्या मत्सरासारखा दिसतो. रामेश्वरशास्त्री अखेर शरण येतात आणि प्रश्न मिटतो. समाजात तो इतक्या सहज मिटला नव्हता. सर्व प्रेक्षकांना एकत्र बसवायचे तर कुठेतरी धार बोथट करावी लागते. दामले-फत्तेलालांनी ती येथे केली, हे मान्य करावे लागते. ‘धर्मात्म्या’ने जो विषय अंगावर घेतला होता, तो ‘तुकारामा’ने बाजूने काढून नेला.

यशाबरोबर नक्कल येते. स्वतः प्रभातनेच १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ आणि १९४१ साली ‘संत सखू’ काढले. ‘ज्ञानेश्वर’ पाहताना भिंत चालते त्याचे कौतुक वाटते. पण त्या भावंडांच्या घरात जिजाई नाही, आणि करुणेची बाजू सांभाळूनही चित्रपट काहीसा दूरच राहतो. ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनी केली. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला हा नट पुढे पडद्यावरचा कृष्ण म्हणून देशभर ओळखला गेला. ‘तुकारामा’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक मुसलमान होते, याचीही तेव्हा कोणाला विशेष अडचण वाटली नाही. मुंबईत विजय भट्ट यांनी १९४३ साली ‘रामराज्य’ काढला. १९४४ साली जुहूस विश्रांती घेत असलेल्या गांधीजींनी तो पाहिला. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा प्रेक्षक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर नाणी उधळीत. तेथेही कथा होती ती सासरी छळल्या जाणाऱ्या सुनेची. देवी आली ती त्या घराच्या दारातून.

दामले १९४५ साली वारले. १९५० च्या दशकात प्रभातचे दार बंद झाले आणि १९६० साली त्याच आवारात सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. चित्रपट शिकू येणारी मुले तेथे अजून ‘तुकाराम’ पाहतात. शेवटच्या प्रसंगात वैकुंठाचे विमान उतरते, आणि आकाशातल्या त्या थाटामाटापेक्षा त्यांची नजर बहुधा खाली राहिलेल्या बाईवर जाते. नवरा सोबत चल म्हणतो आहे. घर, पोरे, म्हैस सोडून जिजाई स्वर्गाला जात नाही.